वरातीच्या चालीनं चाललेली गाडी

कामाचे अनुभव लिहायला माणूस निदान निवृत्त तरी झालेला असावा. मी अजून कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जिला नोकरी म्हणावं अशी नोकरी मला लागलेलीच नाही. तरीही या अंकाच्या संपादकांनी "जुन्या गाड्या तपासतेस ना, त्यावर लिही" असं सांगितलं तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. त्याचं खरं कारण सांगते. या कामात गाड्यांनी मला फारसा त्रास दिलेला नाही. त्रास दिला तो गाड्या घेणाऱ्यांनी. त्यांच्यासमोर जे बोलता आलं नाही ते कुठेतरी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अंबाजोगाईला ऑटोमोबाइल शिकते आणि लेक्चर नसतील तेव्हा उस्मानचाचांच्या गॅरेजात काम करते. चाचांनी मला आधी नट-बोल्टांचे पाने ओळखायला शिकवलं, मग इंजिनाचे आवाज. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावायला मी कॉलेजात शिकले. जुनी गाडी घेण्याआधी लोक चाचांना बघायला बोलावतात. चाचांचे गुडघे दुखायला लागल्यापासून चाचा मला पाठवतात. गाडीला काय झालंय ते सांगायचं, एवढंच माझं काम. घ्यायची की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. अडचण अशी की मी पोचायच्या आधीच ते ठरलेलं असतं.

एका गुरुजींनी नंबर प्लेटवरच्या आकड्यांची बेरीज करून गाडी पसंत केली होती. पुढचा सांगाडा वाकून परत सरळ केलाय, हे मी त्यांना वाकून, अक्षरशः जमिनीवर झोपून दाखवलं. गुरुजी उभ्याउभ्याच म्हणाले, "पोरी, बेरीज नऊ येतीय." एका गुत्तेदारांनी मला बॉनेटच उघडू दिलं नाही. आदल्या दिवशी पुजाऱ्याकडून लिंबू-मिरची बांधून घेतली होती, ती हलायला नको होती. मी म्हणाले, "मग मी तपासू काय?" ते म्हणाले, "भायेरून बघा की. डॉक्टर बघतोच ना, पोट न उघडता." मी बाहेरून बघितली. पुढच्या महिन्यात ती गाडी टोचन करून आमच्याच गॅरेजात आली आणि गुत्तेदार चाचांना म्हणाले, "तुमची पोरगी बघून गेलती की हिला."

चाचा अशा वेळी हसतात. म्हणतात, "बेटी, गाडी झूट न्हाई बोलत. आदमी पण न्हाई बोलत. त्याला फक्त ऐकायचं नसतं." चाचांना हसता येतं. मला अजून येत नाही.

पण या सगळ्यांवर कडी केली ती माझ्याच दाजींनी.

आक्का माझी थोरली बहीण. वडवणीजवळ तिला दिलीय. लग्न झाल्यापासून ती आणि अंकुशदाजी दर वर्षी ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मी हॉस्टेलमध्ये राहून शाळा शिकत होते तेव्हा आक्का उसाच्या फडात मोळ्या बांधत होती, हे मला रोज आठवत नाही, पण विसरताही येत नाही. मग दाजींनी एक पांढरी घोडी घेतली. तिचं नाव चांदणी. वरातीला नवरदेव बसवायला ती भाड्याने द्यायची, सोबत टेंपोतून ताशेवाले. धंदा चालला. कोयता सुटला. भाचीचं नाव शाळेच्या पटावर वर्षभर राहायला लागलं. आक्का सगळं वर्ष आपल्या घरात झोपते, याचं मला जेवढं वाटतं तेवढं माझ्या डिग्रीचंही वाटणार नाही.

या लग्नसराईत दाजींचा मला फोन आला. "आशे, गाडी बघायचीय. उघडी."

"उघडी म्हणजे? जीप?"

"जीप न्हाई बे... न्हाई बाई. छत उघडतं ती. परदेशी. दोन दाराची."

दाजींचं म्हणणं असं की आता नवरदेवाला घोडी नको झालीय. त्याला उघड्या गाडीत उभं राहायचं असतं, वरून फुलं पडायला हवी असतात, आणि ते सगळं मोबाइलमध्ये दिसायला हवं असतं. धारूरकडे एका शेतावर अशी एक गाडी विकायला होती. मालक आबासाहेब, मोठे बागायतदार आणि त्या भागातले पुढारी. गाडी इतकी जुनी आणि इतक्या हातांतून फिरलेली की नव्या ट्रॅक्टरच्या भावात मिळणार होती. त्यासाठी दाजी चांदणी विकणार, टेंपो विकणार आणि घराशेजारची मोकळी जागाही विकणार होते. घोडीला गिऱ्हाईक ठरलेलं होतं. म्हणजे गाडी चालली तर ठीक. गाडी बंद पडली तर घोडीही नाही, टेंपोही नाही, आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक दारात. हे मला दिसत होतं. आक्कालाही दिसत असणार.

अशा गाडीत काय बघायचं असतं ते इथे थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साध्या गाडीचं छत नुसतं ऊन अडवत नाही, ते गाडीचे खांब वरून धरून ठेवतं. छत नसलं की सगळा ताण तळाला आणि दारांखालच्या पट्ट्यांना सोसावा लागतो. म्हणून गाडी एका बाजूने जॅकवर उचलून दार उघडून-लावून बघायचं. दार अडलं तर गाडीचा कणा गेला समजावं. छत घडी होऊन मागे बसतं, त्याला तेलाच्या दाबावर चालणारे दांडे असतात. ते पुन्हा पुन्हा उघड-बंद करून बघायचं. दांड्यांपाशी तेल पाझरतंय का, मध्येच अडकतंय का ते बघायचं. छतावरून येणारं पाणी बाहेर जायला सीटांच्या मागे बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की पाणी गाडीच्या आत उतरतं आणि गालिच्याखाली साचतं. नेमक्या तिथेच, सीटच्या खाली, गाडीच्या कॉम्प्युटरच्या जोडण्या असतात. वरून सगळं कोरडं दिसतं. हाताने चाचपलं तरी कळत नाही, कारण अंगाचा भार पडल्याशिवाय खालचा फोम ओल सोडत नाही. म्हणून चप्पल काढायची, मॅट बाजूला करायची आणि अनवाणी पायाने दाबून बघायचं. वेगवान इंजिनाचे आजार वेगळे. ते थंड असताना चालू करून धुराचा रंग बघायचा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय.

हे सगळं मी आदल्या संध्याकाळी आक्काच्या घरी दाजींना सांगत होते. दाजी मोबाइलवर वरातींचे व्हिडिओ बघत होते.

"दाजी, ऐकताय ना?"

"ऐकतोय की. गालिचा. पुढं?"

"गालिचा झाला. धुरावर आलेय मी."

"आशे, तू तोंडी परीक्षा दिल्यावानी बोलतीस बघ. आगं, जनावर घेताना मानूस त्याची चाल बघतो, डोळा बघतो. आतली हाडं कोन मोजतं का?"

"ही घोडी नाही, दाजी."

"घोडीच हाय. पेट्रोलवर चालती एवढंच."

आक्का आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आधी जेवून घ्या." एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टेंपोने गेलो. आक्काला दाजींनी मुद्दाम सोबत घेतलं होतं. गाडी घेतली की पहिल्यांदा घरची लक्ष्मी बसवायची आणि तिच्याच हातून नारळ फोडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हणाले, "नारळ तपासल्यावर घ्या." दाजी म्हणाले, "तो पिशवीत हाय, काय खातोय का तो तुला?"

आबासाहेबांच्या शेतावर शेडच्या सावलीत गाडी उभी होती. गडद निळी, लख्ख धुतलेली. खरं लिहायचं तर माझंही मन क्षणभर हललं. पुस्तकात बघितलेलं इंजिन इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. मी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं.

"गाडी आत्ताच चालू केली होती का?" मी विचारलं.

"ऊन बघा की मॅडम," आबासाहेब म्हणाले, "माझं डोस्कंबी गरमच हाय."

गाडी सावलीत होती. पण आबासाहेबांचं डोकं तपासायला मला बोलावलेलं नव्हतं. म्हणजे थंड इंजिनाचा धूर बघायचं राहिलंच. कोणीतरी ते आधीच तापवून ठेवलं होतं.

दाजी मीटरकडे बघून हरखले. "आशे, हिकडं ये! गाडी चाललीच न्हाई की! आपला टेंपो एका सालात याच्यापेक्षा जास्त पळतो."

मी स्कॅनर लावला. या गाडीचा कॉम्प्युटर इंजिन एकूण किती तास चाललं तेही सांगत होता. मी किलोमीटरला तासांनी भागलं आणि पुन्हा भागलं, कारण माझीच चूक झालीय असं वाटलं. वाऱ्यासारखी पळायला बनवलेली ती गाडी आयुष्यभर सरासरी बैलगाडीच्या चालीनं चालली होती.

"आबासाहेब, ही गाडी कुठे वापरत होता?"

"मिरवणुकीला," ते अभिमानाने म्हणाले. "आमच्या गटानं जी निवडनूक जिंकली तिची मिरवनूक हिच्यातूनच. वरून जेसीबीनं गुलाल, फुलं. सगळ्या तालुक्यानं बघितलीय ही गाडी."

मी दाजींना बाजूला घेतलं. सांगितलं की किलोमीटर कमी आहेत ही चांगली गोष्ट नाही. गाडी रांगत चालवली की ऑटोमॅटिक गिअरचा क्लच धड धरतही नाही आणि धड सोडतही नाही, नुसता घासत राहतो. पुढून वारा लागत नाही, म्हणून इंजिन थंड ठेवायचं सगळं ओझं एकट्या पंख्यावर पडतं. तासन्‌तास असं चाललेलं इंजिन लांबच्या प्रवासातल्या इंजिनापेक्षा जास्त झिजतं. "आणि तुम्ही पण हिला वरातीलाच चालवणार, दाजी. म्हणजे आधीच दुखावलेल्या जागेवरच मार."

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे चमकायला लागले. मला वाटलं, पटलं.

"म्हंजी हिला सवय हाय!" ते म्हणाले.

"कशाची?"

"वरातीची! आगं, नवी घोडी घेतली तर ताशाला बुजती, फटाक्याला बुजती. मिरवनुकीत चाललेली घोडी घ्यावी असं जुनी मानसं उगं म्हनत न्हाईत. चांदणीला मी कावून घेतलं? पयल्या मालकाकडं तिनं लगीनसराई बघितलती म्हणून!"

घोडीच्या हिशेबात दाजींचं एक अक्षर चुकत नव्हतं. तो हिशेब गाडीला लावायचा नसतो, हे कोणत्या भाषेत सांगावं ते मला अजून कळलेलं नाही.

मग आबासाहेबांनी दाजींना फेरी मारून आणली. घाटाच्या रस्त्याने ते गेले तेव्हा इंजिनाचा आवाज शेडपर्यंत ऐकू येत होता. खोल, भरलेला, कुठेही न फाटणारा. तो आवाज ऐकून मला वाईट वाटलं. असल्या इंजिनाला उभ्या आयुष्यात इतकं मोकळं पळायला किती वेळा मिळालं असेल? दाजी परत आले ते केस उडालेले आणि शब्द हरवलेले. नुसतं "आयला... आयला..." करत होते.

"आता एक फेरी हळू मारायची," मी म्हणाले.

"हळू कावून?" आबासाहेबांनी विचारलं.

"वरातीच्या चालीनं. इथेच अंगणात. माणूस पुढे चालतो तेवढ्याच वेगाने."

आबासाहेबांना ते आवडलं नाही, पण दाजींना मजा वाटली. ते स्वतः गाडीच्या पुढे ताशेवाल्यासारखे उलटे चालायला लागले आणि आबासाहेब मागून गाडी रांगवत राहिले. थोड्या फेऱ्या झाल्या आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला. मी खाली वाकून कान दिला. पंखा फिरतच नव्हता. काटा लाल पट्टीला टेकला तसे आबासाहेबांनी इंजिन बंद केलं.

"बघितलंत?" मी म्हणाले.

"मशीन हाय, तापनारच," आबासाहेब म्हणाले.

"ऊन लई हाय आज," दाजी म्हणाले.

मी छत बंद करायला सांगितलं. ते अर्ध्यावर येऊन थांबलं आणि मागून दळण अडकल्यासारखा आवाज यायला लागला. आबासाहेबांनी खाली उतरून त्याला हाताने एक झटका दिला, तसं बसलं. मागच्या खाचेत मी बोट फिरवलं. बोट गुलाबी झालं. सगळ्या मिरवणुकांचा गुलाल तिथे पाण्याने भिजून, वाळून, पुन्हा भिजून सिमेंटसारखा झाला होता. पाणी जायच्या नळ्यांची तोंडं मला दिसेचनात.

"आबासाहेब, बादलीभर पाणी मिळेल का? छतावर टाकून बघायचंय."

आबासाहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग दाजींना म्हणाले, "अंकुशराव, बीड जिल्ह्यात छत गळंल का म्हनून इचारनारी तुमची मेव्हनी पयलीच. आवो, टँकरचं पानी हाय ते! मानसं प्यायला भांडत्यात आन् हिला गाडीवर वतायचंय."

दाजीसुद्धा माझ्यावरच उखडले. "पानी वाया घालवायला सांगतीस व्हय गं? शिकलेली ना तू?"

गाडी आज सकाळीच कोणत्या पाण्याने धुतली होती, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. समोर वडीलधारी माणसं होती. मी विचारलं नाही. मी शेजारच्या सीटपुढचा गालिचा बघायला गेले, तर तिथे आबासाहेबांनी आधीच पूजा मांडून ठेवली होती. सीटवर हळद-कुंकू, फुलं, सुपारी. खाली नवी कोरी केसाळ मॅट. "तिथं हात लावू नका मॅडम," ते म्हणाले, "तिथं आता लक्ष्मीच बसंल." ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा मी दाबून बघितला, तो कोरडा होता. मला रडायला येत होतं. तापलेलं इंजिन, बंद पंखा, अडकणारं छत, तुंबलेल्या नळ्या, एवढं सगळं दाखवून झालं होतं आणि प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं. दाजींनी पिशवीतून नारळ काढला.

"बसा वैनी," आबासाहेब आक्काला म्हणाले. "तुमचे पाय लागू द्या."

आक्का सकाळपासून टेंपोच्या सावलीत उभी होती. ती आली. तिने सुपारी आणि फुलं उचलून पदरात घेतली. गाडीच्या दाराशी चप्पल काढून ठेवली, देवळाबाहेर काढतात तशी जोडून. आबासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की चप्पल." आक्का म्हणाली, "नव्या गाडीत कशी घालावी?" मग तिने वाकून ती नवी मॅटही बाजूला सरकवली. "मळंल," म्हणाली. आणि दोन्ही पाय आत ठेवून ती बसली. अंगाचा भार टाकून, नीट, फडातून आलेलं माणूस बसतं तशी. थोडा वेळ तशीच बसून राहिली. नंतर उतरली आणि शेडच्या सिमेंटच्या कोब्यावरून चालत दूर पाण्याच्या रांजणाकडे निघाली.

आधी दाजींचं लक्ष गेलं. नारळ धरलेला त्यांचा हात तसाच थांबला.

गाडीच्या दारापासून रांजणापर्यंत कोब्यावर ओल्या गुलाबी पावलांची रांग उमटली होती. टाच, चवडा, पाच बोटं. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या सणाला दारापासून घरात कुंकवाची पावलं काढतात तशीच, हुबेहूब. फक्त ती आत येणारी असतात. ही बाहेर चालली होती.

"लक्ष्मी..." दाजी पुटपुटले, "लक्ष्मी भायेर चालली."

"काय?" आबासाहेब म्हणाले.

"गाडीतून निघून चालली. बघा की! पाठ फिरवून चालली!" दाजींनी नारळ परत पिशवीत टाकला. "न्हाई. न्हाई जमायचं. घोडीच्या अंगावर केसांचा खोटा भोवरा दिसला तर मी फुकट घेत न्हाई. हा तर लई वंगाळ इशारा हाय."

"आवो अंकुशराव, खुळे का काय तुमी!" आबासाहेब घायकुतीला आले. "लक्ष्मी-बिक्ष्मी काय न्हाई ती! गुलाल हाय तो, मागच्या मिरवनुकीचा! छताच्या नळ्या तुंबल्यात, गाडी धुतली की पानी आत उतरतंय, गालिच्याखाली साचतंय. तेवढंच हाय ते!"

सकाळपासून मी जे सांगत होते ते आबासाहेबांनी स्वतःच्या तोंडाने, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात आणि थोडक्यात सांगून टाकलं होतं. मी दाजींकडे बघितलं. आता तरी म्हणतील, आशा खरं बोलत होती. पण दाजींनी ते ऐकलंच नव्हतं. ते त्या पावलांकडे बघत हात जोडून उभे होते. इतक्या वैतागातही मला एवढं कळत होतं की दुरुस्ती करायची ही वेळ नव्हती.

परत येताना दाजी वाटेत चहाला थांबले आणि हॉटेलवाल्याला पावलांची हकीकत सांगायला लागले. आम्ही दोघी टेंपोतच चहा पीत बसलो. आक्काच्या घोट्यांना अजून गुलाबी रंग होता.

"आक्का," मी म्हणाले, "बरं झालं तू चप्पल काढलीस."

"तूच म्हनालतीस की. चप्पल काढून बघावं."

मी म्हणाले, "आणि मॅट?"

"मॅट बाजूला करावी, आसंबी म्हनालतीस. भार टाकल्याबिगर ओल कळत न्हाई म्हनालतीस." तिने बशीत चहा ओतला. "पाय टेकले तवाच कळलं मला. फडात कमी का ओल तुडवली?"

"मग तिथेच का नाही सांगितलंस? आणि उतरल्यावर चप्पल का नाही घातलीस?"

आक्काने बशी फुंकली. "तू सकाळपास्नं सांगत व्हतीस की," ती म्हणाली. "ऐकलं का कुनी?"

घरात मी दाजींना गालिच्याचं सांगत होते तेव्हा तिची माझ्याकडे पाठ होती. त्या खोलीत ऐकत होती ती एकटीच.

ती गाडी पुढे दुसऱ्या कोणीतरी घेतली असं कळलं. नीट माणसाच्या हातात पडली असेल, पंखा बसवला असेल, नळ्या मोकळ्या केल्या असतील, आणि एखाद्या मोकळ्या रस्त्यावर तो आवाज पुन्हा निघाला असेल, अशी मी आशा करते. फार खात्री वाटत नाही.

दसरा झाला. गावातून ट्रक निघाले, त्यावर भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरं. आक्का दारात उभी राहून शेजारणींना निरोप देऊन आत गेली. घोडीचं गिऱ्हाईक दाजींनी परत पाठवलं. आता ते चांदणीला चमकत्या लाइटची झूल शिवून घेतायत, म्हणजे मोबाइलमध्ये चांगली दिसेल. पावलांची गोष्ट त्यांनी सगळीकडे केलीय आणि "गाडी घ्यायची तर आमच्या मेव्हनीला न्या, पन आधी बायकोला अनवानी बसवा" असं ते लोकांना सांगतात. लोक खरंच तसं करतात. परवा एक जण बायकोसोबत आईलाही घेऊन आला होता. दोघींचे पाय कोरडे निघाले म्हणून त्याने गाडी घेतली. ब्रेक बघू दिले नाहीत.

मी आता पूर्वीइतका वाद घालत नाही. फक्त एक पद्धत बदललीय. गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी गिऱ्हाइकाच्या घरी जाते. बाहेरच्या खोलीत खुर्ची देतात ती घेत नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी बसते. मालक मोबाइल बघत असतो, त्याला बघू देते. काय काय तपासायचं असतं ते मी सावकाश सांगते, आत पाठ करून जी कोणी भाकरी थापत असेल तिला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.